वजा न होणारी खिडकी

भिंतीला गिलावा झाला आहे. भिंतीत एक लहानशी खिडकी आहे, न्हाणीघराला असते तशी. आता बिल करताना खिडकीची जागा वजा करायची की नाही? तिथे गिलावा झालेलाच नाही, मग पैसे कसले, असं कुणीही शहाणा माणूस म्हणेल. भारतीय मानक 1200, भाग 12 मात्र वेगळं सांगतं. ओपनिंग अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं असेल, तर वजावट नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतचं असेल आणि भिंतीला दोन्हीकडून सारखाच गिलावा असेल, तर एकाच बाजूची वजावट. तीनच्या वर गेलं, तर दोन्ही बाजूंची वजावट. पण मग आतल्या कडांचा गिलावा वेगळा मोजून द्यायचा.

हा नियम मला पाढ्यांच्या पाठोपाठ पाठ झाला, कारण आमचे अण्णा बांधकाम खात्यात शाखा अभियंता होते. संध्याकाळी जेवणं आटोपली की ते मोजमाप पुस्तिका उघडून बसत. घरात तिला 'एमबी' म्हणत आणि देव्हाऱ्यातल्या पोथीइतकीच ती आमच्यासाठी अस्पर्श होती. तिची पानं छापील आकड्यांची. पान फाडायचं नाही, खोडरबर लावायचा नाही, आकड्यावर आकडा गिरवायचा नाही. चूक झाली तर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि आद्याक्षरी सही करायची. बिल अदा झालं की त्या नोंदींवर लाल शाईची तिरकी रेघ. नग, लांबी, रुंदी, उंची, एवढ्या चार रकान्यांत अण्णांनी अख्खी तालुक्याची शाळा बसवली होती.

ही कामगिरी मला कधीच थोर वाटली नाही. पूल बांधणारा इंजिनिअर वेगळा आणि पुलाचं बिल करणारा वेगळा, असं आमचं मत होतं आणि अण्णांची गणती आम्ही दुसऱ्यात करत होतो. म्हणून मैत्रिणीचा मुलगा, इस्लामपूरचा, सिव्हिलची पदवी घेऊन दोन वर्षं साइटवर काढल्यावर 'क्वांटिटी सर्व्हेइंगमध्ये मास्टर्स करायला' विलायतेला निघाला, तेव्हा मी तिला विचारलं, "बिलं करायला इतक्या लांब?" तिने मला त्याचा नंबर दिला आणि म्हणाली, "तूच विचार त्याला." हा लेख त्या विचारपुशीतून वाढला.

* * *

आपल्याकडे या माणसाला नाव नाही, ही पहिली अडचण. ठाण्यापासून तळेगावापर्यंत कुठल्याही साइट ऑफिसात जा. क्वांटिटी सर्व्हेयर कुठे बसतात विचारलंत तर पोरगा डोकं खाजवेल. 'बिलिंगवाले' म्हणालात तर थेट टेबलापर्यंत नेऊन सोडेल. सर्व्हेयर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोजणी खात्याचा, शेताच्या बांधावर साखळी ओढणारा माणूस येतो. अपवाद सैन्याचा. मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसमध्ये 'सर्व्हेयर' असं स्वतंत्र केडर आहे आणि केंद्राच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून त्यात माणसं निवडली जातात. नागरी बाजूला मात्र सिव्हिल इंजिनिअरच हाताला लागेल ते काम करतो : उन्हात उभं राहणं जमलं तर एक्झिक्यूशन, आकडे जमले तर बिलिंग.

पदवीच्या अभ्यासक्रमात या सगळ्याला एक पेपर. बी. एन. दत्तांचं किंवा रंगवालांचं पुस्तक, मध्यरेषा पद्धत, लांब भिंत-आखूड भिंत पद्धत, सळईच्या वजनाला व्यासाचा वर्ग भागिले 162. बारा मिलिमीटरची सळई मीटरला 0.89 किलो. एम-20 काँक्रीटच्या एका घनमीटरला साधारण आठ पोती सिमेंट. हे येतं म्हणजे एस्टिमेशन येतं, अशी समजूत घेऊन मुलं साइटवर जातात आणि पहिल्याच रनिंग बिलाला ठेच लागते. स्लॅबच्या दोन जाळ्यांमध्ये अंतर राखायला ठेवलेल्या 'चेअर'चं लोखंड बिलात धरायचं का? सळईचा लॅप ड्रॉइंगमध्ये दाखवला नव्हता, पण बारा मीटरच्या सळईने पंधरा मीटरचा बीम कसा भरणार? रोलिंग मार्जिन, म्हणजे सळईच्या हिशेबी आणि प्रत्यक्ष वजनातला फरक, कुणाच्या माथी? यांतला एकही प्रश्न गणिताचा नाही. गुणाकार दोन्ही पक्षांचा बरोबरच असतो. भांडण असतं ते कशाचा गुणाकार करायचा यावर.

पदव्युत्तर अभ्यास सुरू होतो तो इथून. महाराष्ट्रात यासाठी पहिलं नाव निघतं बालेवाडीच्या निकमारचं. बांधकाम उद्योगानेच पुढाकार घेऊन 1983 मध्ये उभी केलेली ही संस्था. दिल्लीशेजारी नोएडात 2013 साली ब्रिटनच्या चार्टर्ड सर्व्हेयर संस्थेने अॅमिटी विद्यापीठाच्या आवारात शाळा काढली आणि 'कन्स्ट्रक्शन इकॉनॉमिक्स अँड क्वांटिटी सर्व्हेइंग' अशा भारदस्त नावाचं एमबीए आणलं. एमबीए हे शेपूट का? बालेवाडीच्या एका प्राध्यापकांनी हसत सांगितलं, "लग्नाच्या बायोडेटात बरं दिसतं." मग गंभीर होऊन म्हणाले, "आमच्या वर्गात येतो त्याला मोजता येतंच असं आम्ही धरून चालतो. आम्ही त्याला वाचायला शिकवतो." मला वाटलं वाक्य टाकायचं म्हणून टाकलं. त्याचा अर्थ पुढे सॅल्फर्डमध्ये उलगडला.

* * *

त्याआधी थोडं लंडनला थांबावं लागेल.

इंग्लंडच्या सरकारी तिजोरीचा हिशेब शतकानुशतकं लाकडी काठ्यांवर ठेवला जाई. काठीवर रकमेच्या खाचा पाडायच्या, काठी उभी चिरायची, एक फाक देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. दोन फाका जुळल्या की हिशेब खरा. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत मोडीत निघाली आणि जुन्या काठ्यांचे ढीग राहिले. 16 ऑक्टोबर 1834 रोजी संसदेच्या इमारतीखालच्या भट्ट्यांत त्या जाळायला घेतल्या. भट्ट्या इतक्या तापल्या की रात्रीपर्यंत संसदच जळून गेली. हिशेबाच्या काठ्यांनी राज्याचं घर जाळलं, याहून मोठी वजावट इतिहासात सापडणार नाही.

नवी इमारत कुणाच्या आराखड्याने बांधायची याची स्पर्धा झाली, चार्ल्स बॅरी जिंकला. त्याच्या नकाशावरून हेन्री हंट या सर्व्हेयरच्या मदतीने अंदाज काढला गेला : 7,24,986 पौंड. शेवटचा सहाचा आकडा बघा. काम सहा वर्षांत संपेल असंही ठरलं. प्रत्यक्षात ते तीस वर्षांच्या आसपास चाललं, खर्च वीस लाख पौंडांच्या पुढे गेला आणि पुरी इमारत बघायला बॅरी उरला नाही. तरी या व्यवसायाचा इतिहास सांगणारे याच कामाकडे बोट दाखवतात, कारण तपशीलवार परिमाणपत्रकावरून, म्हणजे आपल्या साइटवरच्या 'बीओक्यू'वरून, ठेका देण्याची रीत मोठ्या सरकारी कामात इथे रुजली.

ही रीत निघाली कशी, ती गोष्ट मला जास्त आवडते. पूर्वी एका कामाला दहा ठेकेदार भाव भरत, तेव्हा दहाही जण आपापला माणूस लावून तोच नकाशा दहा वेळा मोजत. काम मिळायचं एकाला, नऊ जणांची मोजणी पाण्यात. मग त्यांनी एकत्र येऊन एकच माणूस नेमला : तू मोज, आम्ही सगळे तुझ्या मापावर भाव भरतो. पुढे मालकाच्या लक्षात आलं की याचा पगार शेवटी निविदेत घालून आपल्याकडूनच वसूल होतोय, तर नेमावा आपणच. क्वांटिटी सर्व्हेयर जन्मला तो असा. एकमेकांवर विश्वास नसलेल्या दहा जणांचा एकाच मापावर विश्वास बसला म्हणून. या लोकांची संघटना 1868 मध्ये लंडनला स्थापन झाली, 1881 मध्ये तिला राजसनद मिळाली. आज तिचं मुख्यालय पार्लमेंट चौकातच आहे, समोर बॅरीची इमारत.

* * *

सॅल्फर्ड म्हणजे मँचेस्टरला चिकटलेलं गाव. मधे अर्वेल नदी, आपल्या कृष्णेपुढे ओढाच. विद्यापीठाच्या जुन्या इमारती लाल विटांच्या, शेजारी पील पार्क. मी गेले तेव्हा नोव्हेंबर होता. दुपारी चारला अंधार. इस्लामपूरचा मुलगा स्टेशनवर घ्यायला आला आणि खोलीवर नेऊन त्याने आधी चकली पुढे केली. घरून कुरिअरने आलेली. फराळाचं वजन किती आणि कुरिअरला किती पडले, ते त्याने न विचारता सांगितलं. धंद्याची सवय.

"काकू, इथली वीट बारीक आहे," हे त्याचं पहिलं निरीक्षण. आपल्याकडे बोलताना नऊ-चार-तीन इंचाची वीट. इथली 215 बाय 102.5 बाय 65 मिलिमीटर, दहा मिलिमीटरचा सांधा. अर्ध्या विटेच्या भिंतीला चौरस मीटरमागे साठ विटा, हा आकडा इथल्या पोरासोरांना ठाऊक. आपल्याकडे वीटकाम घनमीटरमध्ये मोजतात, इथे जाडी लिहून चौरस मीटरमध्ये. पहिल्या आठवड्यात त्याला एका साध्या गॅरेजची मापं काढायला दिली. त्याने तासाभरात काढून दिली, सवयीने घनमीटरमध्ये. कागद परत आला. माप बरोबर होतं, नियम चुकला होता.

नियमांचं पुस्तक इथे न्यू रूल्स ऑफ मेजरमेंट. त्याचा दुसरा खंड 2013 च्या जानेवारीपासून लागू झाला. त्याआधी 1922 पासून 'स्टँडर्ड मेथड' होती आणि तिच्या सात आवृत्त्या निघाल्या. म्हणजे भिंत कशी मोजायची यावर हे लोक शंभर वर्षं वाद घालताहेत आणि वाद संपलेला नाही. मला आधी हसू आलं. मग स्लॅबमधली ती चेअर आठवली.

ब्रिटनमधली ही एमएस्सी बहुतेक ठिकाणी एका वर्षाची, 180 क्रेडिटची. त्यातला मोठा वाटा प्रबंधाचा. इंजिनिअरिंगशिवाय दुसऱ्या शाखांतलेही येतात, कारण हा अभ्यास वाट बदलणाऱ्यांसाठीही आखलेला आहे. मुलाच्या वर्गात भूगोल शिकलेली इंग्लिश मुलगी होती, वकिली सोडून आलेला नायजेरियन होता. "सुरुवातीला मी खुशीत होतो," मुलगा म्हणाला. "ड्रॉइंग वाचता येणारा मी एकटा. करार सुरू झाले आणि तो वकील पुढे गेला."

कराराच्या वर्गात पहिल्याच तासाला 1854 चा एक खटला येतो, हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल. ग्लॉस्टरच्या पिठाच्या गिरणीतला दांडा मोडला. नवा घडवायला नमुना म्हणून मोडका दांडा ग्रीनिचला पाठवायचा होता. वाहतूकदाराने तो पोचवायला उशीर केला, गिरणी बंद राहिली आणि मालकाने बुडालेला नफा मागितला. न्यायालय म्हणालं, तुमची गिरणी या एका दांड्यावाचून ठप्प आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, ते नुकसान त्याच्याकडून मागता येणार नाही. मुलाने टिपणं काढली आणि रात्री सहज भारतीय करार कायदा, 1872, उघडला. कलम 73. खाली दिलेल्या उदाहरणांत एक गिरणी, एक यंत्र आणि उशीर करणारा एक वाहतूकदार. "काकू, ही तीच गिरणी! आम्हाला हे कलम कॉलेजात पाठ होतं. गिरणी कुठली हे कुणी सांगितलं नव्हतं."

मला त्यातलं 1854 हे साल टोचत राहिलं. त्याच साली डलहौसीने सार्वजनिक बांधकाम खातं काढलं. त्याच साली पुण्यात, त्या खात्याला हाताखालची माणसं पुरवायला, इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला. त्याचंच पुढे सीओईपी झालं आणि विश्वेश्वरय्या तिथून बाहेर पडले. तेव्हा एकीकडे मोजणारी माणसं तयार होत होती आणि दुसरीकडे मोजलेल्याचा अर्थ लावणारा कायदा. आपण पहिल्याची पदवी केली, दुसऱ्याला परीक्षेपुरतं एक प्रकरण दिलं. बालेवाडीचे प्राध्यापक वाचायला शिकवतो म्हणाले ते हे.

वाचणं म्हणजे काय, याचा एक नमुना मुलाने दाखवला. आखाती देशांतल्या मोठ्या कामांवर आणि आपल्याकडच्या परदेशी कर्जाच्या कामांवर फिडिक नावाचा करारनमुना चालतो. फिडिक ही सल्लागार अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, 1913 ची. तिच्या 1999 च्या लाल पुस्तकात कलम 20.1 आहे. ठेकेदाराला जादा वेळ किंवा जादा पैसे हवे असतील, तर कारण कळल्यापासून 28 दिवसांत नोटीस द्यायची. न दिल्यास हक्क गेला. दगड लागला, पूर आला, मालकाने जागा उशिरा दिली, सगळं खरं असलं तरी गेला. आपल्या सरकारी कामांवर एक 'हिंड्रन्स रजिस्टर' असतं, अडथळ्यांची वही. कुठल्या दिवशी काम का थांबलं ते तिच्यात लिहायचं. ती बऱ्याच साइट्सवर काम संपत आल्यावर एका बैठकीत, तीन रंगांच्या पेनांनी भरली जाते, हे सांगायला मला कुणाचं नाव घ्यायची गरज नाही. तीन पेनं कशाला, तर नोंदी वेगवेगळ्या दिवशी केल्यासारख्या दिसाव्यात म्हणून. त्या सवयीचा माणूस 28 दिवसांच्या कलमाखाली सापडला की कोट्यवधींचा क्लेम दुपारच्या चहाबरोबर संपतो.

आणि तरी हे कलम भारतात टिकेल का, हा प्रश्न उरतोच. आपल्या करार कायद्याचं कलम 28 म्हणतं की ठरावीक मुदत संपली म्हणून हक्कच बुडवणारी अट रद्दबातल. मग फिडिकचे 28 दिवस आणि आपलं कलम 28, कोण कुणाला खाणार? यावर वकिलांत दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होतात. मुलाने प्रबंधाला हाच विषय घेतला होता. सळया मोजणारा इस्लामपूरचा पोरगा पील पार्ककडे तोंड करून बसतो आणि आपल्या कायद्याचं कलम वाचतो, हे दृश्य मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "जेवतो ना वेळेवर?"

* * *

उत्तरेला एडिंबरामध्ये एक इमारत आहे, तिच्याशिवाय इथला कुठलाही वर्ग पुरा होत नाही. स्कॉटलंडचं संसद भवन. 1997 च्या सरकारी श्वेतपत्रिकेत खर्च धरला होता एक ते चार कोटी पौंड. एन्रिक मिरायेस या कातालान वास्तुकाराचा आराखडा निवडला गेला. काम चालू असतानाच, 2000 मध्ये, तो वारला. इमारत तीन वर्षं उशिरा, 2004 मध्ये उघडली आणि बिल झालं 41 कोटी 40 लाख पौंड. लॉर्ड फ्रेझर यांच्या चौकशीत जे बाहेर आलं त्यात मोजणीची चूक गौण होती. काम सुटे तुकडे करून देण्याची जी पद्धत निवडली, तिच्यात जोखीम सगळी मालकाच्या, म्हणजे जनतेच्या पदरात पडते. आणि ती निवड मंत्र्यांपुढे ठेवलीच गेली नव्हती. सर्व्हेयरांचे आकडे वाढत होते, पण वर जाताना ते पातळ होत गेले.

वर्गात प्रश्न विचारतात : तुम्ही तिथे सर्व्हेयर असता तर काय केलं असतं? मुलाने हात वर करून सांगितलं, "मी पत्र लिहिलं असतं." "कुणाला?" "माझ्या साहेबांना." सर म्हणाले, "त्यांनी तेच केलं होतं."

आपल्याकडच्यांनी यावर फार हसू नये. बांद्रा-वरळी सागरी सेतू 660 कोटींचा म्हणून निघाला होता, 2009 मध्ये गाड्या धावल्या तेव्हा खर्च 1600 कोटींच्या पुढे होता. फरक एवढाच की एडिंबराच्या इमारतीवर चौकशी बसली, अहवाल छापला आणि तो आता परीक्षेला आहे. आपली मुलं बॅरी शिकतात, मिरायेस शिकतात. वरळीचा सेतू त्यांना कुणी तितक्या बारकाईने शिकवत नाही.

ब्रिटिशांनी या भांडणांवर एक अजब उतारा काढला आहे. एनईसी नावाचा करार, पहिला 1993 चा. साधी इंग्रजी, छोटी वाक्यं, आणि दोन्ही पक्षांनी परस्परांवर विश्वास ठेवून सहकार्याने वागावं, असं चक्क कलम. अविश्वासातून जन्मलेल्या धंद्याने विश्वासाची अट कागदावर घालावी, हे मला सासूने सुनेकडून स्टॅम्पपेपरवर माया लिहून घेण्यासारखं वाटतं. पण मुलाने कळवळून सांगितलं की त्यात 'अर्ली वॉर्निंग' असते. कुठलीही अडचण दिसली की दोघांनीही ताबडतोब एकमेकांना कळवायचं, आणि ते लपवणाऱ्याला तोटा. "साइटवर आमचे साहेब म्हणायचे, अडचण बिलाच्या वेळी काढायची. तोवर हातचा राखायचा."

* * *

पैशाचं आणि व्हिसाचं थोडक्यात सांगते; ते ज्याचं त्याला जास्त ठाऊक असतं. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास कामाची मुभा. शिक्षणानंतर दोन वर्षं राहता येतं. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना मात्र अठराच महिने. नंतर कंपनीने प्रायोजित करायचं तर जुलै 2025 पासून पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा वर्षाला 41,700 पौंड आहे, नवोदितांना काही सवलत. आणि चार्टर्ड व्हायचं, म्हणजे लंडनच्या त्या संघटनेचं सदस्य होऊन नावापुढे एमआरआयसीएस लावायचं, तर अनुभव नसलेल्याला साधारण दोन वर्षांचं नोंदवलेलं प्रशिक्षण, तीन हजार शब्दांत आपल्या एका कामाची कहाणी आणि तासाभराची तोंडी परीक्षा. त्या परीक्षेत नीतिमत्तेचे प्रश्न येतात. ठेकेदाराने दिवाळीला मिठाईचा डबा पाठवला तर काय कराल, या धर्तीचे. मुलगा म्हणाला, "डब्यात काय आहे त्यावर, असं तोंडावर आलं होतं." दोन वर्षं आणि अठरा महिने यांची वजाबाकी त्याने आपण होऊन केली आणि गप्प झाला. घरावर कर्ज आहे.

सगळे काही विलायतेत राहत नाहीत. बरेच आखातात जातात, कारण तिथे क्वांटिटी सर्व्हेयर हे पद खरोखर असतं, दारावर पाटी असते. दुबईत पाच वर्षं काढून आलेल्या एका कराडकराने सांगितलं की तिथे त्याच्या खात्यात निम्मे श्रीलंकेचे. श्रीलंकेत हा विषय पदवीपासून वेगळा शिकवतात. मोराटुवा विद्यापीठाचं नाव आखातभर चालतं. "ते क्यूएस म्हणूनच जन्मतात," तो म्हणाला. "आपण सिव्हिल म्हणून जन्मतो आणि मग क्यूएस होतो. ते पत्र लिहितात तेव्हा कळतं." शाळेपासून ऐकतोय, गणित पक्कं कर, भाषेचं काय एवढं, हेही त्याने वर जोडलं.

मोजणी तर आता यंत्राकडे चाललीच आहे. इमारतीचं त्रिमिती मॉडेल संगणकात असलं की भिंतींची, दारांची, काँक्रीटची परिमाणं एका बटणावर बाहेर पडतात. ब्रिटनने 2016 पासून केंद्राच्या सरकारी कामांना अशी मॉडेल्स सक्तीची केली. अण्णांना आठवडा लागायचा ते काम चहा निवायच्या आत होतं. मी बालेवाडीच्या प्राध्यापकांना विचारलं, मग तुमची मुलं काय करणार? ते म्हणाले, मॉडेल खिडकी इमानदारीने वजा करतं. अर्धा चौरस मीटर त्याला सांगावा लागतो. शिवाय नवं मोजमाप येऊन उभं आहे : बांधकामखर्चाच्या आंतरराष्ट्रीय मोजणीनियमांच्या 2021 च्या आवृत्तीत पैशाशेजारी कार्बनचा रकाना आला. एका पोत्यामागे सिमेंटच्या भट्टीतून किती कर्बवायू निघाला, तो कुणाच्या खाती लिहायचा, वाहतूक धरायची का, इमारत पाडल्यावर निघालेली सळई पुन्हा वितळवली तर वजावट द्यायची का? म्हणजे चेअरचंच भांडण, नव्या एककात.

आणि आपल्या दारातही हा माणूस चोरपावलांनी आला आहे. रेरा कायद्याने घर घेणाऱ्यांच्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले. ते काढायचे तर काम किती झालं याचे दाखले लागतात. महारेराचा अभियंत्याच्या दाखल्याचा जो नमुना आहे, फॉर्म 2, त्यात वास्तुविशारद आणि स्ट्रक्चरल सल्लागार यांच्या जोडीला क्वांटिटी सर्व्हेयरच्या नावासाठी स्वतंत्र ओळ आहे. फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्या किती जणांनी ती ओळ वाचली असेल? मी स्वतः घर घेताना वाचली नव्हती. लॉबीतल्या झुंबराकडे बघत होते.

* * *

परतल्यावर पावसाळ्यात आमच्या न्हाणीघराची बाहेरची भिंत ओल धरून फुगली. गवंडी आला, जुना गिलावा खरवडला, नवा केला आणि बिल सांगितलं. भिंत सहा फूट बाय नऊ फूट, चौपन्न चौरस फूट. मी इतके महिने या विषयात बुडालेली, गप्प कशी राहणार?

"मामा, खिडकी वजा केली नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेप आणला. खिडकी दोन फूट बाय अडीच फूट, पाच चौरस फूट. मोबाइलवर गुणाकार केला : 0.46 चौरस मीटर.

मामा हात धूत होते. म्हणाले, "खिडकीच्या जागी गिलावा न्हाई, बरोबर हाय तुमचं. पण तिच्या चारी कडा काढायला मला भितीएवढाच येळ लागला, ताई. त्या कुठं धरल्यात मी? म्हटलं, ह्यात ते गेलं."

मी चौपन्न फुटांचे पैसे दिले. ते गेल्यावर माळ्यावरची ट्रंक काढली. अण्णांच्या एमबी खात्याकडे जमा असतात, घरी नसतात. पण त्यांची कच्ची वही होती. मागच्या पानावर कुठल्याशा शाळेच्या गिलाव्याचं माप होतं, बारा खिडक्या, आणि वजावटीच्या रकान्यात त्यांनी आधी काहीतरी लिहून एक रेघ मारली होती. शेजारी आद्याक्षरी सही. आणि तिच्या खाली, वेगळ्या हातची, बहुधा ठेकेदाराची, दुसरी सही.